वेदीवरचा चेहरा

२ फेब्रुवारी, सोमवार

चर्चमधलं माझ्या हातचं: वेदी. बाकं, सगळीच्या सगळी. कबुलीजबाबाची खोली, जाळीसकट. बाप्तिस्म्याच्या कुंडाचं झाकण. बाहेरचा दरवाजा – पावसात फुगत नाही, फुगणारही नाही. वाचनाचा स्टँड, फादरांना त्यावर कोपर टेकायची सवय, म्हणून अंगठाभर उंच ठेवलेला. आणि आमच्या मंडळीतल्या निम्म्या मेलेल्यांच्या पेट्या. त्यांच्याकडून अजून एकही तक्रार आलेली नाही.

माणूस मात्र एकही केलेला नव्हता. आज ते काम आलं.

वेदीमागचा जुना ख्रिस्त शनिवारी पडला. प्लास्टरचा होता, आतली तार गंजलेली. झाडूवाली कोळिष्टकं काढत होती, काठीचा धक्का लागला आणि उजवा हात खांद्यापासून निखळून खाली आला. मागोमाग बाकीचा. ती बिचारी फादरांच्या पायरीवर बसून रडत होती, आता मी नरकात जाणार म्हणून. मी तुकडे पाहिले आणि तिला सांगितलं – बाई, हा दहा वर्षांपूर्वीच पडायचा, लाजेखातर थांबला होता.

फादरांनी विचारलं, मिस्त्री, लाकडाचा कराल का? करीन म्हणालो. मजुरी घेणार नाही, हेही त्याच दमात बोलून गेलो. सातवी शिकलेला माणूस आहे मी. एवढी वर्षं खिडक्या-दरवाजे करत याचीच वाट बघत होतो. हे इथे लिहितो, बाहेर कुणाला सांगणार नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

चर्च कमिटीची बैठक. अध्यक्ष आमचे हेडमास्तर – रिटायर होऊन जमाना झाला, पण अजून बोलताना हातात खडू असल्यासारखा हात धरतात. त्यांनी कॅटलॉग आणला होता. म्हणाले, जसा होता अगदी तसाच मिळतो, घरपोच.

जसा होता तसा म्हणजे कसा? गुलाबी गाल, निळे डोळे, केस आत्ताच विंचरलेले. मी म्हटलं, उन्हात खिळे ठोकून टांगलेल्या माणसाचा भांग इतका सरळ राहतो का? गायकवृंदाच्या बाई तोंडाला रुमाल लावून हसल्या. हेडमास्तर हसले नाहीत. म्हणाले, "माझ्या बायकोची पेटी त्याच्याच पायाशी ठेवली होती, मिस्त्री. तेव्हा मी त्याचा भांग बघत नव्हतो."

ती पेटीही माझ्याच हातची.

ठरलं असं: गुड फ्रायडेच्या आधी मूर्ती टांगलेली हवी. नाही झाली तर कॅटलॉग.

९ फेब्रुवारी, सोमवार

लाकूड ठरलं. धान्याचं जुनं गोदाम पाडतायत, त्याच्या तुळया. कीड नाही, गाठी थोड्या, आणि इतकं वाळलेलं की आता त्याला हलायचं काही कारण उरलेलं नाही.

चित्रावरून माणूस करायचा नाही. चित्रवाल्याने ते दुसऱ्या चित्रावरून काढलेलं असतं, त्याने तिसऱ्यावरून. मला हाडं हवीत. आणि हाडं आमच्या घरातच आहेत.

बायकोचा धाकटा भाऊ. तीन वर्षांपूर्वी बायको आणि पाच वर्षांची मुलगी टाकून निघून गेला. भांडण नाही, चिठ्ठी नाही, एका सकाळी माणूस जागेवर नाही. याच थंडीत एक बोचकं घेऊन परत आला. त्याच्या बायकोने – सगळे तिला नर्सबाई म्हणतात, मीही – दार उघडलं नाही. बहिणीने उघडलं. तेव्हापासून माझ्या कारखान्यामागच्या खोलीत राहतो, नव्या गोदामात पोती वाहतो, उजाडायच्या आत जातो. चर्चच्या आत पाय ठेवत नाही, बायकोच्या गल्लीत तर नाहीच. पोरीला तो आलाय हे ठाऊकसुद्धा नाही. माझं त्याच्याशी बोलणं 'जेवलास का' एवढ्यापुरतं.

पण पाठ! ओझ्याने कमावलेली पाठ काय असते ते त्याची बघून कळतं. आज त्याला माळ्याच्या तुळईला दोन्ही हातांनी लटकायला सांगितलं.

"किती वेळ, दाजी?"

"कळ येईपर्यंत."

"आणि कळ आल्यावर?"

"तेव्हा माझं काम सुरू."

हसला. आल्यापासून पहिल्यांदा.

११ फेब्रुवारी

लटकलेल्या माणसाचं पोट आत ओढलं जातं, बरगड्या वर चढतात आणि श्वास गळ्याशीच अडकतो. मी आजवर पाहिलेल्या कुठल्याच चित्रात हे नाही!

१८ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

सकाळी कपाळाला राख लावून आलो आणि थेट कामाला लागलो. धड झालं. पाय झाले. पायांवर जास्त वेळ दिला, कारण गुड फ्रायडेला क्रूस खाली घेतात आणि सगळी मंडळी रांगेने येऊन पायांचं चुंबन घेते. जुन्या मूर्तीची बोटं त्याने झिजून पार सपाट झाली होती. माझी झिजायला शंभर वर्षं लागतील. घोट्याच्या हाडावर कानस फिरवून, वरून बारीक पॉलिश कागद मारून, शेवटी स्वतः ओठ लावून पाहिला. कुसळ नाही.

बायको नेमकी तेव्हाच चहा घेऊन आली. म्हणाली, रांगेत पहिला नंबर लावलात वाटतं.

१ मार्च, रविवार

चेहऱ्याने छळलं. कुणाचाच नसलेला चेहरा करायचा असं ठरवलं होतं. मातीत दोनदा करून पाहिला. दोन्ही वेळा कापडाच्या दुकानातला पुतळा तयार झाला. कुणाचाच नसलेला चेहरा नसतोच, हे मला कुणी सांगितलं नाही, हाताने कळलं.

परवा मेहुणा कामावरून आला आणि खुर्चीतच त्याचा डोळा लागला. मान कलली, जबडा सैल, पापण्या अर्ध्या उघड्या. जे काही द्यायचं होतं ते देऊन संपलेला माणूस. मी फळीवर कोळशाने उतरवून घेतला. त्या वेळी हा कोण, कसा, याने काय केलं, असलं काही डोक्यात नव्हतं. चेहरा खरा होता, घेतला.

आज बायकोने पाहिला आणि स्टुलावर बसली.

"अहो, हा तर आपला–"

"दाढी आहे. ओळखू येत नाही."

"मी बहीण आहे त्याची. दाढी लावून मला फसवता?"

मग बराच वेळ बघत राहिली. जाताना म्हणाली, एवढा वर टांगणार, तर खाली बसून कसा दिसेल ते बघितलंत का? मी म्हटलं, ज्याचं काम त्याला करू दे.

१४ मार्च, शनिवार

टांगला. कप्पी, दोर, गोदामातली चार माणसं. मेहुणा आला नाही, त्याने बाहेरून गाडी तेवढी लावून दिली. हेडमास्तरांनी वजन विचारलं. सांगितलं, तर म्हणाले, जुना दोन मुलं सहज उचलायची.

जुना आतून पोकळ होता, असं मी म्हणालो नाही. फक्त मनात म्हटलं.

१५ मार्च, रविवार

मिस्सेची प्रार्थना संपल्यावर हेडमास्तर जवळ आले. फार नम्रपणे म्हणाले, "मिस्त्री, हनुवटी उत्तम झाली आहे."

टोमणा कळायला मला बाकावर जाऊन बसावं लागलं. पहिल्या बाकावरून हनुवटी आणि दोन नाकपुड्या. मधल्या बाकावरून दाढी. शेवटच्या बाकावरून दाढीच, लहान. ज्या चेहऱ्यासाठी मी रक्त आटवलं तो छताकडे बघतोय! तो दिसतो फक्त पाकोळ्यांना.

मी तो छातीच्या उंचीवर, डोळ्याला डोळा भिडवून कोरला. डोकं अचूक, मान अचूक, सगळी मापं जिवंत माणसाची. आणि बघणारी माणसं खाली बसतात, हे ज्या माणसाने ती बाकं केली त्याच्या ध्यानात आलं नाही. डोकं आणखी बरंच पुढे झुकायला हवं होतं. शिकलेल्या मूर्तिकाराला हे पहिल्या वर्षी सांगत असतील. मला सांगणारं घरातच होतं, मी ऐकलं नाही.

बायकोने रात्री जेवण वाढलं ते छताकडे बघत.

१७ मार्च, मंगळवार

खाली उतरवला. कारखान्यात आणून गळ्यावर करवत ठेवली. एकदा उचलली. मग ठेवायची तिथेच ठेवली आणि एका दमात कापला. मागच्या बाजूने पाचर घातली, डोकं पुढे आणलं, थोडं डावीकडे. सांधा शोधून दाखवावा कुणीही.

सरस धरेपर्यंत मेहुण्याने ते डोकं दोन्ही हातांत धरून ठेवलं.

"जड आहे हो, दाजी."

"डोकं जडच असतं."

"माझं कधी वाटलं नाही."

२२ मार्च, रविवार

आता चेहरा दिसतो. प्रत्येक बाकावरून दिसतो, आणि प्रत्येकाला वाटतं तो आपल्याकडेच बघतोय. मी केलेल्या कामात याच्या जवळ जाणारं दुसरं काही नाही.

आणि म्हणूनच घोटाळा झाला.

प्रवचनानंतर सगळे शांत बसतात, त्या शांततेत मागून कुणाचा तरी आवाज – अरे, हा तर गोदामातला! मग कुजबुज, बाकामागून बाक. माना वर, मग माझ्याकडे, मग तिसऱ्या बाकाकडे. तिथे नर्सबाई पोरीला घेऊन बसतात. त्यांनी मान खाली घातली नाही. पोरगी वर बघत होती. पापणी न हलवता.

मला वाटलं, वा! लहान पोरालाही धरून ठेवतो.

२३ मार्च, सोमवार

कमिटी. जो तो बोलला. किराणावाला म्हणाला, याच्यापुढे गुडघे टेकायचे म्हणता, उद्या तोच दुकानात उधार मागायला आला तर नाही कसं म्हणू? हशा झाला. मला राग आला. मी विचारलं, प्लास्टरवाल्याचा चेहरा कुणाचा होता? त्या कारखान्यातल्या कुणाच्या तरी भावाचाच ना? त्याने घर नीट सांभाळलं होतं, याची चौकशी केली होती का कुणी?

हेडमास्तर उठले. हात खडू धरल्यासारखा. "येशू सगळ्यांसाठी मेला, मिस्त्री. हा माणूस स्वतःच्या एका पोरीसाठी घरी थांबला नाही. माझं एवढंच म्हणणं आहे."

मी उठायला खुर्ची मागे सरकवली, आणि तशीच पुढे घेतली.

मग फादर. ते सहसा बैठकीत बोलत नाहीत, चष्मा पुसतात. आजही पुसत पुसतच बोलले. म्हणाले, "मिस्सेच्या वेळी मूर्ती माझ्या पाठीमागे असते. ती तुम्ही बघता. मला तुम्ही दिसता. मी भाकर हातात धरून एकेकाला 'ख्रिस्ताचं शरीर' म्हणतो, आणि समोर जो चेहरा येतो त्याला देतो. आता मी जर चेहरे निवडायला लागलो तर रांग फार लहान होईल."

किराणावाला म्हणाला, फादर, देणं वेगळं आणि पूजणं वेगळं. फादर म्हणाले, हो, वेगळं आहे. आणि परत चष्मा पुसायला लागले. हे काय उत्तर झालं!

निर्णय: गुड फ्रायडेच्या आत चेहरा बदला, नाहीतर मूर्ती उतरवा. मी सांगून आलो – पटाशी लावणार नाही. उतरवायची तर तुम्ही उतरवा, तुम्हाला पेलत असेल तर.

२६ मार्च, गुरुवार

नर्सबाई आल्या. ड्यूटीवरून थेट, पायात अजून हॉस्पिटलातल्या चपला. मेहुणा कामावर आहे याची खात्री करूनच आल्या असणार. मी पुढची वाक्यं मनात जुळवून तयार होतो – लाकूड काय, चेहरा काय, कला काय. त्यांनी त्यातलं एकही वापरू दिलं नाही.

"चेहरा पाहून मला राग आला असेल असं वाटतंय ना तुम्हाला, भाऊजी? मला तर बरंच वाटलं. खिळे पक्के बसलेत ना?"

मी हसलो. मग त्या हसत नाहीत हे पाहून थांबलो.

म्हणाल्या, रोज दहा जणांना पुसते, उचलते, कूस बदलते. त्यात येशू बघायचा असं लहानपणी शिकवलं होतं, बघते. बघायला जमतं. नवऱ्यात बघायला जमणार नाही, पण ते माझं मी बघून घेईन. मी त्यासाठी आले नाही.

पोरगी. पोरगी झोपताना हात जोडते आणि म्हणते, पप्पा, तुम्हाला फार दुखलं का?

तो गेला तेव्हा तिला कुणी नीट काही सांगितलं नव्हतं. आजी म्हणायची, देव त्याला बघतोय. आता तिने चर्चमध्ये वर पाहिलं. घरातल्या फोटोतला चेहरा, वर खिळलेला. तिचं तिने जुळवलं – पप्पा मेले. असे मेले. सगळ्यांना माहीत होतं, फक्त मला सांगितलं नाही. दोन दिवस जेवली नाही. शाळेत बाईंना म्हणाली, माझे पप्पा सगळ्यांसाठी मेले.

"तिला काय सांगू? जिवंत आहे म्हणू? मग म्हणेल, दाखव. दोनच गोष्टी आहेत, भाऊजी. एक तर तो चेहरा बदला, नाहीतर तो माणूस जिवंत आणून तिच्यासमोर उभा करा. मी त्याला बोलवणार नाही. मेले तरी नाही."

गेल्या. चहा तसाच.

पोरीचा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता. रविवारी तिला बघून मी खूश झालो होतो. मूर्ती उतरवू देणार नाही म्हणून सगळ्या कमिटीशी भांडलो, आणि खरी अडचण तिसऱ्या बाकावर बसलेली.

२७ मार्च

पटाशी हातात घेऊन चर्चमध्ये गेलो. शिडी लावली. त्याच्या चेहऱ्याशी चेहरा आला. नाकाचा बांधा थोडा उतरवला, गालाचं हाड तासलं, की झालं, दुसरा माणूस. तासाभराचं काम.

उतरून आलो. नाही झालं माझ्याने.

२८ मार्च, शनिवार

मेहुण्याला सगळं सांगितलं. पोरीचं सांगितलं तेव्हा तो पोत्याला धरतात तसा खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला.

"मी नाही आत जाणार, दाजी. वर तो, खाली मी. लोक काय म्हणतील?"

मी म्हटलं, लोकांचं म्हणायचं ते म्हणून झालंय. तू पाहुणा म्हणून येऊ नकोस, भक्त म्हणून येऊ नकोस. शुक्रवारी क्रूस खाली घ्यायचाय. वजन आहे. ते पेलायची अक्कल माझ्यात नाही, कमिटीत तर कुणातच नाही. हमाल म्हणून ये. कामाचं बोलावणं आहे.

त्याने खुर्ची सोडली. म्हणाला, "दोर माझे आणू का?"

हेडमास्तरांना जाऊन सांगितलं – शुक्रवार होऊ द्या, मग काय ते करा. आणि का, तेही सांगितलं. पोरगी त्यांच्याच जुन्या शाळेत आहे. मला वाटलं होतं, वाद घालतील. म्हणाले, होऊ द्या शुक्रवार.

३ एप्रिल, गुड फ्रायडे

दुपारी तीन. चर्च गच्च. उजव्या दाराने मेहुणा आत आला, बरोबर गोदामातले तिघं. रोजचाच सदरा, खांद्यावर गोणपाट. त्याने कुणाकडे पाहिलं नाही. वर पाहिलं, वजन कुठे येतंय तेवढं नजरेने मोजलं, आणि दोर टाकला. 'ढील दे' आणि 'धर', एवढेच दोन शब्द. मी तो चढवताना दोनदा भिंतीला घासला होता. त्याने उतरवताना कुठे टेकूही दिला नाही. आडवा खांब खांद्यावर घेतला आणि एकेक पायरी उतरून वेदीसमोर ठेवला. मग दोर गुंडाळत बाजूला उभा राहिला. जायचं तर होतं, पण रांग लागली, वाट राहिली नाही.

माणसं येत होती, वाकत होती, पायांचं चुंबन घेऊन जात होती. वाकल्यावर चेहरा हातभर अंतरावर, आणि सरळ झालं की तोच चेहरा दोर घेऊन उभा. कुठे बघावं हे कुणालाच कळेना. किराणावाल्याने तर डोळे मिटूनच चुंबन घेतलं, ते लागलं गुडघ्याला.

नर्सबाई आल्या. पोरगी हात धरून. पोरगी मूर्तीकडे बघत वाकायला गेली, आणि अर्ध्यातच थांबली. मूर्ती. माणूस. परत मूर्ती. आईचा हात सोडला आणि त्याच्याकडे गेली. तो दोर घेऊन तसाच, दगड. तिने त्याचा हात धरला, उताणा केला आणि तळव्यावरून बोट फिरवलं. मग दुसरा हात.

मी जवळच होतो, मला ऐकू आलं.

"भोक नाही," ती म्हणाली.

तो म्हणाला, "नाही."

"मेला नाहीत?"

"नाही गं."

मग तिने काय करावं? एक चापट मारली त्याला, पोटावर, जेवढी उंची पुरली तिथे. आणि रडायला लागली.

नर्सबाई रांगेत तशाच उभ्या होत्या. त्या वाकल्या, लाकडाच्या पायांचं चुंबन घेतलं, उठल्या, पोरीला घेऊन गेल्या. नवऱ्याकडे पाहिलं नाही. त्यांच्या मागे हेडमास्तर. गुडघे टेकायला त्यांना वेळ लागतो. टेकले, आणि बराच वेळ वाकलेले राहिले. उठता येईना तेव्हा जवळ उभा होता त्याचाच हात धरून उठले.

५ एप्रिल, ईस्टर

क्रूस परत वर गेला. कमिटीत कुणी विषय काढला नाही. संध्याकाळी मेहुणा नर्सबाईंच्या दाराबाहेरच्या बाकावर जाऊन बसला. दार उघडलं नाही, पण खिडकीतून पोरीच्या हाती चहा बाहेर आला.

मोठ्या शहरातल्या मोठ्या चर्चचे दोन ट्रस्टी मिस्सेला आले होते, फादरांच्या ओळखीचे. मूर्तीखाली उभे राहून बरंच काही टिपून घेतलं. कुणी केली म्हणून विचारलं. मी मागच्या बाकाचा स्क्रू आवळत होतो. आणखी आवळला.

१२ एप्रिल, रविवार

तो अजूनही बाकावरच. पोरगी शाळेतलं वाचून दाखवते. त्याला वाचता येत नाही तिथे तो 'बरोबर' म्हणतो.

१८ एप्रिल, शनिवार

गेला.

गुरुवारी सकाळी खोलीत अंथरूण घडी घालून ठेवलेलं, दोर नाही. गोदामात कुणाला काही सांगितलं नाही. पोरीलाही नाही. बायको दोन दिवस त्याचं ताट वाढतेय आणि झाकून ठेवतेय. आज मी ते ताट उचललं तर म्हणाली, येणार नाही, मला माहीत आहे.

२२ एप्रिल, बुधवार

मोठ्या चर्चचे ट्रस्टी परत आले. त्यांच्या नव्या सभागृहासाठी ही मूर्ती हवी. खाली पितळी पाटी लावणार, तीवर माझं नाव आणि नावाखाली 'मूर्तिकार'. मला आजवर कुणी मिस्त्रीशिवाय दुसरं काही म्हटलेलं नाही. मजुरी घेतली नव्हती, म्हणून कमिटी म्हणते, मूर्ती तुमची, तुम्ही ठरवा.

हेडमास्तर घरी आले होते. या वेळी टोमणा नाही. म्हणाले, "आता त्या बाईने दर रविवारी वर काय बघायचं, मिस्त्री? जाऊ द्या तिकडे. तिकडे त्याला कुणी ओळखत नाही."

बरोबर आहे त्यांचं. नर्सबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, मला विचारू नका. बायको म्हणाली, रक्कम ऐकून तुमचे कान लाल झाले होते.

होकार द्यायचा. ट्रस्टींना रविवारी संध्याकाळपर्यंत कळवतो म्हणून सांगितलंय. पेटी कशी करायची तेही ठरलं, आतून गवत आणि कापड, डोक्याकडे जास्त.

२६ एप्रिल, रविवार

मिस्सेनंतर मापं घ्यायला थांबलो. नर्सबाईंची पोरगी पुढे येऊन वर बघत उभी. मी विचारलं, पप्पांना बघतेस? म्हणाली, "हे पप्पा नाहीत. पप्पा जातात. हे नाही जात."

घरी येऊन ट्रस्टींना नाही म्हणून कळवलं. सहा लाख वीस हजार देत होते.